दोनशे वाट्यांचं कॉलेज

"वेड्यांची डॉक्टर होणारेस?" चीफ काकांनी बकऱ्याच्या मुंडीकडे बघत विचारलं.

"डॉक्टर नाही हो काका. मेंदू कसा चालतो ते शिकायचंय," ओमोसेदे फणकारली. शनिवारच्या सूपसाठी आणलेल्या मुंडीतला मेंदू तिने बशीत काढला होता आणि वहीत त्याचं चित्र काढत होती.

"म्हणजे वेड्यांचीच," काकांनी निकाल दिला.

नायजेरियातल्या बेनिन सिटीतल्या त्या घरात तीन आठवडे हेच चाललं होतं. ओमोसेदेला हवं होतं ओकेबारा. डोंगरातलं, गळक्या पत्र्याचं कॉलेज, पण तिथल्या एक बाई उंदराच्या मेंदूचे कागदासारखे पातळ काप करून शिकवायच्या. ममाला हवं होतं ग्रँड अटलांटिक. तिथे मेंदूचा विषयच नव्हता. गेट मात्र होतं, ट्रक आडवा जाईल एवढं.

"गेटसमोर फोटो कसला येतो माहितीये?"

"ममा, मी काय गेट शिकायला चाललेय?"

पपा फक्त "बघू" म्हणायचे. लग्नापासून त्यांनी दुसरं काही म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं.

प्रवेशपरीक्षेच्या फॉर्मवर एकाच कॉलेजचं नाव लिहायचं होतं आणि त्याची मुदत आज, शनिवारी संध्याकाळी संपत होती. ममाने बुधवारीच वाद मिटवून टाकला. कॉलेजप्रवेशाच्या पार्टीत पाहुण्यांना आठवण म्हणून वाटायच्या दोनशे प्लास्टिकच्या वाट्यांची ऑर्डर! त्यावर ओमोसेदेचा फोटो, खाली कॉलेजचं नाव. मजकूर ममाने सांगितला, पपांनी चिठ्ठीवर लिहून छापखान्यात नेऊन दिला.

"अजून परीक्षा झाली नाही, फॉर्म भरला नाही, आणि वाट्या?" ओमोसेदे किंचाळली होती.

"फॉर्म बदलता येतो. दोनशे वाट्या बदलतात का कुठे?"

"पपा, तुम्ही तरी बोला!"

"बघू."

आता सूप उकळायला लागलं, तेवढ्यात छापखान्याचा लकी खोकी घेऊन हजर. काकांनी सहा वाट्या आधीच काखेत मारल्या. ममाने एक उचलली आणि तिचा चेहराच उतरला. हसरी ओमोसेदे, आणि खाली ठळक अक्षरांत 'अभिनंदन! ओकेबारा कॉलेज.'

"लकी! डोळे विकून खाल्लेस काय रे?"

"मॅडम, चिठ्ठीत होतं तेच छापलं. ही बघा ना."

चिठ्ठी ओमोसेदेने मध्येच हिसकावली. पपांचं तिरकं अक्षर. ओकेबाराखाली दोन रेघा. पपा छताच्या बंद पंख्याकडे फार लक्ष देऊन बघत होते.

"आण इकडे ती!"

"अय्या, निसटली," ओमोसेदे म्हणाली. चिठ्ठी सूपमध्ये.

"दुसऱ्या छाप! आत्ताच्या आत्ता!" ममा लकीवर ओरडली.

"आता कसल्या दुसऱ्या?" काकांनी फोन पुढे केला. "मी वाटीचा फोटो घराण्याच्या ग्रुपवर टाकला. एकेचाळीस जणांनी अभिनंदन केलंय. लंडनची आत्या तर गुडघे टेकून देवाचे आभार मानतेय, व्हिडिओ आलाय. फॉर्मवर वेगळं नाव गेलं तर लोक म्हणतील, यांच्या वाट्याही खोट्या!"

ममा धपकन स्टुलावर बसली.

"भर! भर ते ओकेबारा!" तिने हात उडवले. "या पोरीच्या डोक्यात काय भरलंय ते एकदा उघडूनच बघायला पाहिजे."

"त्यासाठीच तर चाललीय ती," पपा म्हणाले.

ममा गर्रकन वळली. "काय म्हणालात?"

"सूप झालं का, बघू," पपा म्हणाले आणि ओकेबाराची वाटी पुढे केली.