मनोहरकाकांची विलायती रेकॉर्ड

पंचवटीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये रविवारी सकाळी मनोहरकाकांकडे चिवडा मिळतो, पण रेकॉर्डची एक बाजू संपल्यावरच. आधी खाल्लं तर कुरकुर होते, आणि ती म्हणे 'मूळ रचनेत नाही'.

रेकॉर्ड सत्तरच्या दशकातली, विलायती. कव्हरवर शेतात उभे असलेले केसाळ तरुण. त्यांनी आपल्या गावाकडच्या लोकगीतांना इलेक्ट्रिक गिटार जोडली आणि एकेक गाणं वीस मिनिटांचं केलं. आठ मिनिटांनी मी चुळबुळ केली की काका दटावतात, "बस! अजून गाणं सुरू व्हायचंय."

मला संगीतातलं कुकरच्या शिट्ट्यांपलीकडे काही कळत नाही. पहिल्या रविवारी एक ओळ तीनदा वाजली, तेव्हा मी ती तिहाई समजून "वाहवा!" म्हणत मांडीवर थाप मारली. सुई अडकली होती! काकांनी उठून ती सरकवली. "दाद मात्र मनापासून होती हं," ते म्हणाले. तेव्हापासून मी डोळे मिटून नुसती मान हलवतो. बाकीचे शेजारी केव्हाच पळाले, आणि सबंध नाशकात हे संगीत कळणारा मी एकटा उरलो.

हल्ली काही विचारलं की काका भलतंच उत्तर द्यायला लागले होते. मला वाटायचं, रसिकाची तंद्री.

गेल्या रविवारी अशीच मान हलवत होतो. बऱ्याच वेळानं शंका आली, पंख्याशिवाय कसलाच आवाज येत नाहीये. डोळे उघडले. रेकॉर्ड फिरत होती, पण स्पीकरची वायर निघून पडली होती. काका मात्र खुर्चीच्या हातावर ताल धरून बसलेले. माझं सोंग पकडायला सापळा लावलाय की काय?

"बासरी आली का रे?" त्यांनी हळूच विचारलं. "सिन्नरच्या कारखान्यातल्या यंत्रांनी कान खाल्ले माझे. आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही. तुझी मान हलते ना, त्यावरून समजतं गाणं कुठवर आलंय ते. तू येतोस म्हणून चाललंय."

माझी मान! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उठून वायर जोडली. 'पुन्हा पहिल्यापासून' असं हातानं खुणावलं आणि या वेळी त्यांच्या शेजारी बसून, जिवाचा कान करून ऐकू लागलो. किती वेळ गेला कोण जाणे. गिटार थांबली आणि बासरी आली. इतकी सुंदर, की मी मान हलवायचंच विसरलो. नुसता काकांचा हात घट्ट धरला.

"आली," काका म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.