महादूकाकांची पेटी

भजन रंगात आलेलं असताना पेटीचं झाकण लावणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या गडब गावातले शेजारी, महादूकाका. सिनेमाची चाल कानावर पडली की त्यांचा भाता थांबायचा. "देवापुढं वरातीची चाल कशाला रे?" असं म्हणून ते खुशाल तंबाखू मळायला घ्यायचे आणि मी हातात टाळ धरून बघत बसायचो.

शब्दांचंही तसंच. डोलवीला कंपनीत जाणारा आमच्या भजनी मंडळातला रूपेश स्वतः भजनं रचतो. त्याच्या एका ओळीत तीनदा 'माऊली' आलं, तर काका म्हणाले, "पयल्या हाकेला देवाला ऐकू नाय आलं काय?" रोह्याच्या एका बुवांनी आरतीचा शेवटचा सूर दम संपेपर्यंत ताणला. लोक माना डोलवत होते आणि काका कोपऱ्यातून ओरडले, "सोडा आता बुवा, देव गुदमरला!" ते बुवा पुन्हा आमच्या गावात फिरकले नाहीत.

काकांच्या मते चांगलं भजन म्हणजे मोजके शब्द आणि जुनी, संथ चाल. बाकी सगळा गोंगाट. मला हा माणूस भयंकर हट्टी वाटायचा आणि खरं सांगतो, आवडायचाही.

यंदा शिमग्यानंतर वेणूकाकूंना, म्हणजे काकांच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. हळूहळू हातपाय सावरले, पण बोलणं गेलं. पेणचे डॉक्टर म्हणाले, त्यांच्याजवळ बोला, गा, कदाचित शब्द परत येतील. तेव्हापासून काका रोज संध्याकाळी खाटेशी पेटी घेऊन बसायचे. निवडून निवडून जुन्या चाली वाजवायचे. काकू नुसत्या बघायच्या. "उद्या बघू गो," असं म्हणून काका उठायचे. ते आमच्या ओटीवर ऐकू यायचं.

गणपतीत आमचं मंडळ घरोघर भजनाला जातं. ज्याच्या घरी भजन, त्यानं कुणालाही अडवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. काकांकडे पाळी आली आणि रूपेशनं डाव साधला. भजन स्वतःचं, चाल सरळ हळदीतल्या नाचाची आणि ध्रुवपदात सारखं "बाप्पा, ये ना, ये ना." यजमान पडल्यामुळे काकांना झाकण लावता येईना. काढा प्यायल्यासारखं तोंड करून ते वाजवत होते. आम्ही हसू दाबत होतो.

तेवढ्यात भिंतीलगतच्या खाटेवर काकूंची बोटं मांडीवर ठेका धरू लागली. रूपेशनं ते पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"ये ना," खाटेवरून घोगरा आवाज आला.

टाळ थांबले, रूपेशही थांबला. काकूंनी पुन्हा म्हटलं, अगदी चालीत, "ये ना."

काका पेटी तशीच टाकून उठले. टाळ-मृदंगांत अडखळत खाटेपाशी पोचले. "आलो गो," ते म्हणाले, "आलो." काकूंचा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. डोळ्यांतलं पाणी पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग तसेच मागं वळून रूपेशवर खेकसले, "थांबलास कशाला? म्हण ना!"