मन्ही कोंबडी खास का?

माझे घरमालक नाना रोज सकाळी सहा वाजता एका कोंबडीला कापडी पिशवीत घालून हुकाच्या काट्याला टांगतात. पिशवीतून फक्त तिचं डोकं बाहेर असतं. नाना एक डोळा मिटून आकडा वाचतात, मग दुसरा मिटून पुन्हा वाचतात. एकाच डोळ्यावर भरवसा ठेवायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. कोंबडी मान वाकडी करून माझ्याकडे बघते. मी ब्रश तोंडात तसाच धरून खोलीत परत जाते.

मी तळोद्याला इंग्रजी शाळेत शिकवायला आले आणि नानांच्या पुढच्या खोलीत भाड्याने राहू लागले. नाना मिरचीच्या बाजारात मापाडी होते. साऱ्या तालुक्याची मिरची त्यांच्या काट्यावरून गेली. पोत्यात दगड, पोत्यात पाणी, काट्याखाली कुणाचा तरी अंगठा, सगळं त्यांनी बघितलंय. बाजार सुटला, पण संशय त्यांच्याबरोबर घरी आला. माझं पुस्तकांचं पार्सल त्यांनी दारातच हातावर तोललं. “हलकं शे,” ते तिथल्या बोलीत म्हणाले. “मधमा कोन शे?”

मध्ये कोण आहे? हा त्यांचा ठरलेला प्रश्न. माल निघतो एक आणि पोचतो एक, म्हणजे मध्ये कोणीतरी आहे. दुधाची पिशवी, सिलेंडर, डोंगरातल्या गावांहून येणाऱ्या जीपची वेळ, सगळीकडे त्यांना मधला माणूस दिसतो. मी कमी बोलते, याचाही त्यांना संशय होता. “मास्तरीन शे, आनि आवाज नही,” असं ते शेजारच्या बाईंना सांगत होते, मला ऐकू येईल एवढ्या आवाजात.

पावसाळा संपता संपता त्या कोंबडीची चोच खुराड्याच्या जाळीत अडकून तुटली. वरचा भाग पुढून अर्धा गेला. नानांनी आधी मांजरावर, मग शेजाऱ्यांच्या मोटरसायकलवर आणि शेवटी जाळी विकणाऱ्यावर आळ घेतला. जनावरांच्या डॉक्टरांनी एवढंच सांगितलं, की पोटभर खाल्लं तर जगेल. तेव्हापासून काटा सुरू झाला. आणि वजन रोज उतरत होतं.

दुपारी नाना बाजारात चक्कर मारायला जात. माझी शाळा सकाळची, त्यामुळे तेव्हा मी घरी असे. जाताना ते बाकीच्या कोंबड्यांना कोंडून तिच्यापुढे अंगणात ज्वारी टाकत आणि म्हणत, “मॅडम, ध्यान ठेवज्यात.” परत आले की पायरीवरूनच विचारत, “मॅडम, मन्ही कोंबडी खास का?”

मला नवल वाटायचं. रोज कोणी आपल्या कोंबडीची तारीफ करून घेतं का? पण म्हातारा माणूस, कोंबडी जखमी. मी म्हणायचे, “हो नाना. खूपच खास.”

नानांचा चेहरा उजळायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर तो पुन्हा काळवंडायचा. आठवडाभर हे चाललं. मग ते माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागले. माझ्या खिडकीखालची माती उकरून बघितली. माझ्या केराच्या बादलीत डोकावले. मलाही त्यांचा संशय येऊ लागला. हा माणूस माझ्या पाळतीवर का आहे? मी कडीला कुलूप लावायला सुरुवात केली. त्याने प्रकरण आणखी बिघडलं.

एका शनिवारी त्यांनी ज्वारी मोजून टाकली, आणि परत आल्यावर राहिलेली झाडून गोळा करून काट्यावर टाकली. मग माझ्या दाराशी उभे राहिले आणि शुद्ध मराठीत बोलले. नाना शुद्ध मराठीत बोलले की समजावं, आता चौकशी आहे.

“मॅडम, दाणा होता तेवढाच आहे. आपण रोज सांगता, खूप खास. आपण असं का सांगता?”

“कारण... आहे ती खास. म्हणजे मला आवडते. स्पेशल आहे.”

“पेशल?”

“खास म्हणजे स्पेशलच ना?”

 नानांनी बोटं जुळवून घास घेतल्यासारखा हात तोंडाशी नेला. “खास! खास! खाते का, म्हनी विचारस मी!” आणि शेजारच्या बाईंकडे वळून ओरडले, “एवढी शिकेल बाई, आनि तिले खास समजत नही!”

बाई कुंपणाला धरून हसल्या. मला मात्र रडू येत होतं. आठ दिवस ती उपाशी होती आणि मी तिची तारीफ करत होते.

रविवारी मी अंगणात बसून नुसती बघत राहिले. लांबून पाहिलं तर ती सारखी खात होती. मान खाली, मान वर, टक टक टक. जवळून पाहिलं तर दाणा दर वेळी उडून पुढे जात होता. वरची चोच आखूड, खालची चमच्यासारखी पुढे आलेली. सपाट जमिनीवरचा दाणा चिमटीत धरायला तिच्याकडे चिमटाच नव्हता. मी माझ्या खोल डब्यात उरलेली मऊ खिचडी तिच्यापुढे ठेवली. तिने डोळ्यांपर्यंत तोंड आत घातलं आणि खालच्या चोचीने भात उपसून काढला. फावड्यासारखा.

“हाई काय शे?” मागून नाना. “यामा काय टाकं?” त्यांनी डब्यात बोट घालून आधी स्वतः चाखलं, मग तिला खाऊ दिलं.

दुसऱ्या दिवसापासून खोल पातेल्यात ज्वारीचा भिजवलेला भरडा, पातेलं विटेवर. बाकीच्या कोंबड्या तिला ढकलतात, म्हणून शेजारी नाना काठी घेऊन. ती हळू खाते, अर्धं सांडते, तिला तास लागतो. नाना तासभर उठत नाहीत; कोणी हाक मारली तर “आठेच बठेल शे,” इथेच बसलोय, एवढंच म्हणतात. पंधरा दिवसांनी वजन थांबलं, मग थोडं चढलं. मी म्हटलं, “नाना, आता तरी खूश व्हा.”

नाना खूश झाले नाहीत. पातेल्याकडे बघतच म्हणाले, “तुमन्या नानीना तोंडमा गाठ व्हती.”

नानी म्हणजे त्यांची बायको; हार घातलेला फोटो तेवढा मी बघितला होता. मी खाली बसले. मग ते तुकड्यातुकड्याने बोलले. ते दिवसभर बाजारात. संध्याकाळी विचारलं की नानी म्हणे, “जेवनू.” थाळी साफ असे. खाटेला लागून खिडकी होती, आणि खिडकीखाली कोंबड्या. त्या वर्षी नानी वाळत गेली आणि कोंबड्या छान भरल्या. नानांनी स्वतः तोलल्या होत्या, चार लोकांना सांगितलंही होतं.

“घट उनी ते मी मधमा दखस,” नाना म्हणाले. “वाढ उनी ते कोन दखस?” तूट आली की मध्ये कोण ते बघायचं; वाढ आली, तर कोण बघतं?

मी सांडलेला भरडा बोटांनी गोळा करून पातेल्यात टाकला.  या वेळी नानांनी तो चाखून बघितला नाही.

कोंबडीने पातेल्यातून तोंड वर काढलं. डोळ्यावर भरडा चिकटला होता. नानांनी उपरण्याचं टोक थुंकीने ओलं करून तो पुसला आणि पातेलं तिच्या बाजूला थोडं कलतं केलं.

“खा माय,” ते म्हणाले. “सावकाश खा. मी आठेच बठेल शे.”