बारदाना वजा

माझी नुकतीच जन्मलेली मुलगी दवाखान्यातून घरी आली त्याच दिवशी गुणवंतराव तिला पाहायला आले. बाळ दोन्ही तळहातांवर घेतलं, डोळे मिटले, दोनदा हलकेच वरखाली केलं आणि म्हणाले, "दोन किलो आठशे."

"दवाखान्यात तीन किलो सांगितलंय," माझी बायको आतून म्हणाली.

"दुपट्यासकट सांगतलं असन. बारदाना वजा नाई केला त्यायनं."

बायकोनं बाळ काढून घेतलं. ती तेव्हापासून त्यांच्यावर नाराज आहे. मी मात्र दुसऱ्या दिवशी गुपचूप दवाखान्यात जाऊन विचारून आलो. नर्सबाईंनी बराच वेळ आठवून सांगितलं, हो, दुपटं होतं खरं. हे मी अजून बायकोला सांगितलेलं नाही.

गुणवंतराव आमचे शेजारी. अमरावतीच्या धान्यबाजारात मापारी. शेतकऱ्याच्या मालाचा हर्रास, म्हणजे लिलाव झाला, व्यापाऱ्यानं भाव बोलला, की मधे उभा राहून काट्यावर तो माल मोजून देणारा तो मापारी. शेतकऱ्याला वाटतं हा व्यापाऱ्याचा माणूस, व्यापाऱ्याला वाटतं हा शेतकऱ्याचा. तीस वर्षं दोन्हीकडचा संशय सोसून गुणवंतरावांनी त्याची परतफेड सगळ्या जगाला करायला घेतली होती. दूधवाल्याचं माप, पेट्रोलपंपाचा आकडा, मुलीकडच्यांनी सांगितलेलं मुलीचं वय, कशावरही त्यांचा भरवसा नव्हता. पेपरमधली बातमी वाचून दाखवली तर विचारत, "मातेरं किती हाय त्यात?" तुरीत माती-खडे किती, असं विचारावं तसं.

बारदाना म्हणजे रिकामं पोतं. मालाचं वजन करताना ते वजा करायचं आणि माल ओतून झाला की ज्याचं पोतं त्याला परत द्यायचं, ही बाजाराची रीत. बाकीचे मापारी ती सवडीनं पाळत. गुणवंतराव एकदा एका शेतकऱ्याची बैलगाडी निघून गेली म्हणून सायकलवरून बडनेऱ्याच्या रस्त्याला तिच्या मागे गेले होते. गाडीवान घाबरला, त्याला वाटलं वजनात काही घोळ झाला. गुणवंतरावांनी त्याच्या अंगावर उंदरानं कुरतडलेलं पोतं टाकलं आणि म्हणाले, "तुहा बारदाना राह्यला होता."

असा हा माणूस. आणि ह्या माणसाला पोट होतं. साधंसुधं नाही. काट्यामागे ते उभे राहिले की आधी पोट दिसे, मग काटा, मग गुणवंतराव.

ती वर्षं आमच्याकडे शेतीला फार वाईट होती. बियाणं बोगस निघायचं, औषध बोगस निघायचं, पाऊस आला तरी तो खरा की खोटा असं लोक आभाळाकडे पाहून विचारायचे. सकाळचा पेपर उघडायला भीती वाटायची. बाजारात माल घेऊन येणारी माणसं वाळून काटकी झाली होती आणि ज्याच्यात्याच्या हाताकडे पाहत होती. अशा दिवसांत एका दुपारी भातकुलीकडचे रहीमचाचा तूर घेऊन आले. चाचा म्हातारे, थट्टेखोर. वजन चालू असताना त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग गुणवंतरावांच्या पोटावर हलकेच टिचकी मारली.

"मापारीसाब, आमचा कडता इथं जमा होऊन राह्यला का?"

कडता म्हणजे धूळ-मातीच्या नावाखाली वजनातून कापतात ते. बाजाराचा अख्खा ओटा हसला. गुणवंतरावही हसले. पण संध्याकाळी माझ्या ओसरीवर येऊन बसले तेव्हा चहाला हात लावला नाही.

"मास्तर, तीस वर्ष झाले. सकायी काटा लावाच्या आधी मी माह्या घरचं वजन ठेवून पाह्यतो. एक दाना इकडचा तिकडं नाई केला. आन हे पोट माह्याविरुद्ध साक्ष देऊन राह्यलं."

"थट्टा केली हो चाचांनी."

"थट्टाच केली. पन हसले सगयेच."

पुढच्या तुरीच्या हंगामाआधी पोट गेलं पाहिजे, हे त्यांनी तिथंच ठरवलं. नाहीतर काटा सोडायचा. मला वाटलं फिरायला वगैरे जातील. पण त्यांनी कुठंतरी पाटी वाचली होती की पोट ऑपरेशननं काढून मिळतं. त्यांना ते पटलं. हळूहळू पोट गेलं तर लोक म्हणतील साखरेचा आजार झाला. एकदम गेलेलं बरं.

आम्ही आधी अमरावतीतल्याच एका डॉक्टरांकडे गेलो. ते फोनवर बोलत होते. फोन कानाला तसाच ठेवून त्यांनी शर्टावरूनच पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "होऊन जाईल. सोमवारी ॲडमिट व्हा."

बाहेर आल्यावर गुणवंतराव स्कूटरवर बसेनात. "माल पाह्यला नाई आन भाव बोलला. गडबड हाय."

मग कोणीतरी अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंचं नाव सांगितलं. एसटीनं निघालो. त्यांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती आणि मूर्तिजापूर येईस्तोवर त्यांनी ती खाली ठेवली नाही. मला वाटलं डबा असेल.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना झोपवून पोट नीट तपासलं, चिमटीत धरून पाहिलं, कुशीवर वळवलं, दाबलं. मग म्हणाल्या, "काका, सरळ सांगते. आतली चरबी मला कापता येत नाही, ती तुम्हालाच उतरवावी लागेल. मी काढते ती वरची लोंबणारी कातडी. आत्ता कापली आणि तुम्ही मागून बारीक झालात, तर ती पुन्हा लोंबेल. जाड झालात तर सगळंच वाया. आधी वजन कमी करा, सहा महिने ते टिकवा, मग या. आधी माल उतरवा, बारदान्याचं नंतर बघू."

गुणवंतराव ताडकन उठून बसले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हिले कोनं सांगतलं मी मापारी हाय?"

केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी स्वतःच्या हातानं ठळक अक्षरात 'मापारी (परवानाधारक)' असं लिहिलं होतं. मी ते दाखवलं. त्यांचं समाधान झालं नाही.

"तुमचा काटा कवा तपासला होता, बाई?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच तपासा की," त्या हसून म्हणाल्या.

तेव्हा कापडी पिशवी उघडली. आतून पाच किलोचं शिक्क्याचं लोखंडी वजन निघालं. अमरावतीहून मांडीवर आणलेलं. त्यांनी ते डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर ठेवलं, वाकून पाहिलं, उचललं, पुन्हा ठेवलं. काटा दोन्ही वेळा बरोब्बर पाचावर. मग स्वतः चढले. चष्मा, चपला, पट्टा वजा जाता चौऱ्याण्णव.

परतीच्या गाडीत त्यांचा खल चालला होता. आधी कापावं की आधी उतरवावं? "एक म्हनते आत्ता, दुसरी म्हनते मंग. घाईनं घेनारा बदमाश असतेच. पन माल वापस धाडनाऱ्याचा काय भरवसा? भाव पाडाचा असला का वापसच धाडतेत." बडनेरा आलं तेव्हा कुठं म्हणाले, "पन काटा सच्चा हाय बाईचा." निकाल लागला. आधी वजन उतरवायचं.

बाईंनी काय खायचं, काय नाही, याचा कागद दिला होता. गुणवंतरावांनी साखर सोडली, तळलेलं सोडलं, सकाळी विद्यापीठापर्यंत चालत जाऊ लागले. दोन महिने झाले. वजन चौऱ्याण्णवच. मग त्यांना रस्त्यावरच्या काट्यांचं व्यसन लागलं. स्टँडवरचं तिकीट देणारं यंत्र, भंगारवाल्याचा काटा, बाजारातला पोत्यांचा काटा, जिथं दिसेल तिथं ते चढत आणि उतरून त्या काट्याला नावं ठेवत. एकदा मलाही विचारलं, आमच्या घरून त्यांच्याकडे जातं त्या दह्यात बायको साखर टाकते का. हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

खरं सांगायचं तर आता मलाच त्यांचा संशय येऊ लागला होता. चौकात गिल्या वड्याची गाडी लागते. माणूस चोरून खात असणार. एका सुटीच्या दुपारी मी ठरवून, काही न कळवता त्यांच्या घरी गेलो. दार लोटलेलं होतं. गुणवंतराव स्वयंपाकघरात जमिनीवर बसून परातीत भाकरी थापत होते.

त्यांची बायको, सिंधूवहिनी, तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगी लग्न होऊन मोर्शीला. तेव्हापासून ते हातानं रांधत, हे मला माहीत होतं. पण रांधताना कधी पाहिलं नव्हतं. डब्यात एक जुनी पितळेची वाटी होती, कडेला दबलेली. ती शिगोशीग भरून त्यांनी तांदूळ पातेल्यात टाकले. मग पुन्हा भरली, पुन्हा टाकले. चार भाकऱ्या झाल्या होत्या, पाचवी तव्यावर होती.

"कोणी येणार आहे का जेवायला?"

"नाई बा. काहून?"

"मग हे एवढं?"

"हे माप हाय सिंधूचं. दोन वाट्या तांदूळ, पाच भाकरी." त्यांनी वाटी मला दाखवली, काट्यावरचा सरकारी शिक्का दाखवावा तशी. "तिनं लावेल माप. त्याले हात लावता येत नाई."

"पण गुणवंतराव, ते दोघांचं माप होतं."

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली. वास यायला लागला तेव्हा त्यांनी ती उलटली.

"एका मान्साचं माप किती असते, ते मले ठाव नाई, मास्तर," ते म्हणाले. "कवा लागलंच नाई. अन्न फेकता येत नाई. मंग दोघाचं खातो."

मला फार वाईट वाटलं. वड्याच्या गाडीचा संशय घेऊन आलो होतो याची लाज वाटली. डोळे मिटून बाळाचं वजन सांगणारा हा माणूस आपल्या एकट्यापुरते तांदूळ मोजू शकत नव्हता.

वाटी बदला, असं मी म्हटलं नाही. म्हणायची हिंमतच झाली नाही. त्यांनीच पुढे काय ते केलं. तुरीचा हंगाम सुरू झाला, पोट होतं तिथंच होतं, पण काटा सोडायचं काही त्यांनी काढलं नाही; उलट गुणवंतराव चार कप्प्यांचा डबा घेऊन बाजारात जाऊ लागले. पहिल्याच आठवड्यात रहीमचाचांचा नंबर लागायला दुपार झाली. सकाळपासून ते आपल्या पोत्यांवर बसून होते, पोटात काही नव्हतं. गुणवंतरावांनी डब्याचे दोन कप्पे त्यांच्यापुढे सरकवले.

"खा."

चाचांनी डब्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "काय भानगड हाय? तुरीत कडता जास्त कापनार का आज?"

"वरन-भात हाय. खाऊन पाह्य, मातेरं निघालं तं सांग."

चाचा जेवले. बोटं चाटून, पोतं ठरल्या वजनाचं भरलं की म्हणतात तसं म्हणाले, "भरती बराबर हाय, मापारीसाब." त्यानंतर रोज कोणीतरी असे. ज्याचा नंबर मागे, त्याला अर्धा डबा. वाटी बदलली नाही, दोन वाट्या तांदूळ आणि पाच भाकऱ्या तशाच होत राहिल्या. पोटाबद्दल मात्र ओट्यावर पुन्हा कोणी बोललं नाही. ज्याच्या डब्यात जेवलो त्याच्या पोटाला कसं हसणार?

वर्षभरात वजन अठ्ठ्याहत्तरावर आलं. पोट गेलं आणि त्याच्या जागी कातडीची एक सैल झोळी राहिली. बाईंनी सांगितलेले सहा महिनेही टिकवून झाले, तेव्हा आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. पिशवीत पाच किलोचं वजन होतंच.

डॉक्टरीणबाई खूश झाल्या. "आता खरी वेळ आहे, काका. माल उतरला. आता ही कातडी काढून टाकू."

गुणवंतरावांनी ती झोळी तळहातावर घेतली, डोळे मिटले, हलकेच वरखाली केली. मग विचारलं, "काढल्यावर काय करता याचं?"

"काय करणार? टाकून देतो."

त्यांनी झोळी हळूच सोडली. मग शर्टाची बटणं लावायला लागले.

"बजारात अशी रीत नाई, बाई. माल उतरला का बारदाना फेकत नसतेत. ज्यानं भरून आनला त्याले वापस द्या लागते." शेवटचं बटण लागत नव्हतं. "हा तिनं भरला होता. पंचवीस वर्षं, आपल्या हातानं. मालकीन भेटेपर्यंत राहू द्या माह्याजवळ."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी केसपेपरवर काहीतरी लिहिलं आणि पेन बंद केलं.

गुणवंतरावांनी लोखंडी वजन पिशवीत टाकलं, दारापर्यंत गेले आणि वळले. "मास्तर," त्यांनी डोळे पुसत विचारलं, "अठ्ठ्याहत्तर लिवलं ते चपला वजा करून लिवलं ना त्यायनं?"