पाठीला मिशी न्हाय

दर गुरुवारी दुपारी चार वाजता बाळाराम मुकादम गोदामाच्या भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसायचा आणि मागे उभ्या असलेल्या अठरा हमालांना म्हणायचा, "हां, बोला. या आठवड्यात माझा काय काय चुकला?"

लोक त्याला अर्धवट म्हणत. म्हणोत. दापोड्यातल्या त्या गोदामात माल रवाना करण्याचं काम माझ्याकडे होतं. दोन हजार पाच-सहाचा काळ. रोज नवी शेड उभी राहत होती आणि प्रत्येक शेडमध्ये एक मुकादम घसा फोडून ओरडत होता. चुका सगळ्यांच्याच होत. आपली चूक विचारणारा मी हा एकच पाहिला.

भिंतीकडे तोंड कशाला, असं मी पहिल्याच महिन्यात विचारलं.

"म्याडम, माझा तोंड बगला ना?" तो म्हणाला. "मिशी बगूनच यांची बोबडी वलते. पाठीला मिशी न्हाय."

नियम तीन होते. मागे वळायचं नाही. मध्ये बोलायचं नाही. आणि जे ऐकलं ते मी माझ्या वहीत त्याच्या नावावर लिहायचं, बोलणाऱ्याचं नाव न घालता. आवाज त्याला सगळे ओळखू येत, पण तसं तो दाखवत नसे. एकदा मागून कोणीतरी म्हणालं, "मुकादम, आप बोलते हो तो तंबाकू उड़ती है. चालान गीला हो जाता है." सगळे हसले. बाळारामची पाठही हलत होती. "लिवा, म्याडम," तो म्हणाला. त्या दिवसापासून मालाचं चलन हातात घेण्याआधी तो बाहेर जाऊन चूळ भरून येऊ लागला.

मग पंख्यांचं प्रकरण झालं. नाशिकची खोकी नागपूरच्या ट्रकमध्ये चढली. रामदुलार नावाच्या वयस्क हमालाला बाळारामने सगळ्यांसमोर शिव्या घातल्या. गुरुवारी रामदुलार शांतपणे म्हणाला, "खोके पर चॉक का निशान आपने लगाया था." भिंतीकडून आलं, "लिवा." दुसऱ्या दिवसापासून खूण करण्याआधी तो चलन मोठ्याने वाचू लागला, अठरा जणांना ऐकू जाईल असं. कोणीही मध्येच "रुको मुकादम" म्हणू शकत होतं, आणि म्हणतही. माल चुकायचा जवळजवळ थांबला.

तेवढ्यात नवे मॅनेजर आले. त्यांनी एका गुरुवारी हे पाहिलं आणि बाळारामला केबिनमध्ये बोलावलं. मी तिथेच होते.

"हमालांपुढे मान खाली घालतोस? डोक्यावर बसतील."

"बसूंदे, सायब. डोक्याव गोनी वाहिली हाय. मानसं काय जड न्हायत."

"पुढच्या गुरुवारी हा तमाशा दिसला, तर मुकादम दुसरा असेल."

"मंग चारला या," बाळाराम म्हणाला. "खुर्ची ठेवतो."

पुढच्या गुरुवारपर्यंत केबिनमधली धमकी हमालांना कळली होती. खुर्ची त्याने स्वतः पुसून ठेवली. मॅनेजर बसले. बाळाराम भिंतीकडे वळला. अठरा जण एकमेकांकडे बघू लागले. मॅनेजरांच्या समोर बोलायची हिंमत कोण करणार?

"बोला की. सायबांना टायम न्हाय."

शेवटी रामदुलार बोलला. "मुकादम, अपनी नौकरी के साथ हमारी रोज़ी भी दाँव पर लगा दी. हमसे पूछा था?"

मॅनेजर हसले. बाळारामचे कान लाल झाले.

"लिवा, म्याडम," तो म्हणाला. "न इचारता यांना अडकवला. बरोबर हाय." मग तो उठून मॅनेजरांसमोर उभा राहिला. "आयकला ना, सायब? यो माझ्या तोंडाव कोन बोलला असता? यांना हात लावू नका, यांचा यात काय न्हाय. काडाचा तर मना काडा. पन गुरुवारचा बसाचा मी सोडनार न्हाय."

मॅनेजरांनी त्याला काढलं नाही. वडप्याच्या नव्या शेडवर राखणीला धाडलं. तिथे अजून माल यायचा होता, माणसंही यायची होती. आमच्याकडे दुसरा मुकादम आला, तोंड माणसांकडे असलेला. माल चुकला की अठरा जण "मैं नहीं था" म्हणू लागले आणि चूक शोधण्यात माझी दुपार जाऊ लागली. हे मी मॅनेजरांना लेखी कळवलं. दोनदा. उत्तर आलं नाही, म्हणून तिसऱ्यांदा.

दोन महिन्यांनी किल्ल्या पोचवायला मी वडप्याला गेले. रिक्षा थांबवूनच ठेवली. रिकाम्या शेडमध्ये बाळाराम एकटा. फरशी झाडलेली, शटरला तेल दिलेलं. त्याने सही केली. मी निघाले.

"म्याडम, आज गुरुवार हाय."

मी थांबले.

"हितं सांगाया कोन न्हाय," तो दुसरीकडे बघत म्हणाला. "माझा काय चुकला, तुमी सांगाल?"

मी आजूबाजूला पाहिलं. दाराशी डबा तसाच बांधलेला होता.

"चार वाजायला आले," मी म्हणाले. "तुम्ही अजून जेवला नाहीत."

त्याने गंभीरपणे मान हलवली. "बरोबर हाय." डबा उचलून घेतला. "आनखी?"

बाहेर रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मी जाऊन त्याला पाठवून दिलं, आणि परत आत आले.