ललिताबाईंचा गुंड आणि मास्तरांचं सर्कल

"पुढच्या साली आपल्या सर्कलमंधी आठ शाळा असतीन! आठ! लिहून ठेवा!"

चिचखेडीच्या हायस्कूलमध्ये मधुकरराव पी.टी. मास्तरांनी टेबलावर मूठ आपटून हे जाहीर केलं, तेव्हा टेबलाचा एक पाय निखळला. तो आधीपासूनच सैल होता म्हणा! पण शुभ बोलताना काही मोडलं, तर शहाण्या माणसानं घटकाभर थांबावं. मधुकरराव थांबले नाहीत. थांबायचं नाही, आधी पळायचं आणि मग कुठं ते बघायचं, हेच तर ते पोरांना शिकवत!

ही गोष्ट एकोणऐंशी सालची. भंडारा जिल्ह्यात तेव्हा पोरगं चालायला लागलं की कबड्डी खेळायचं. मधुकरराव मात्र नागपूरला ट्रेनिंगला गेले आणि येताना फुटबॉल घेऊन आले. धान कापून झालं की रिकाम्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, ते गोलाचे बांबू रोवायचे. आजूबाजूच्या तीन शाळांना त्यांनी नादी लावलं आणि चार शाळांचं 'चिचखेडी सर्कल' उभं केलं. अध्यक्ष तेच, पंच तेच, चेंडूत हवा भरणारेही तेच! आणि दर वर्षी जिंकायची चिचखेडीच. तशी चिचखेडीची पोरं काही वाघ नव्हती. बाकीच्या शाळांकडे सरावाला चेंडूच नव्हता, एवढंच.

असं सगळं सुखात चाललं होतं, तर साकोलीकडच्या केवळराम गुरुजींनी डाव साधला. त्यांचं सर्कल मोठं, कप मोठा, शिवाय सामन्यानंतर आलुपोहे! त्यांनी मधुकररावांची एक शाळा गुपचूप फोडून आपल्याकडे घेतली. त्या पोरांना आता सामन्यासाठी दोन बस बदलून साकोलीला जावं लागायचं, निम्मी पोरं वाटेत ओकायची. पण पोह्यांपुढे नकाशाला कोण विचारतो?

हेडमास्तर भैय्याजी पान लावता लावता म्हणाले, "तीन शाळांचं कायचं सर्कल, मास्तर? तीन तं चुलीचे गोटे रायतात! सर्कल वाढत असन तं वाढवा. नाही तं थो फुटबॉल अलमारीत ठेवा आन् पोट्ट्याइले कबड्डी खेळवा."

फुटबॉल अलमारीत! मधुकररावांनी मूठ वळली. त्या मुठीबरोबरच ती आठ शाळांची गर्जना बाहेर पडली होती.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर सायकलवर निघाले. बैलबाजारात दात मोजून, खूर बघून बैलाची किंमत करतात, तशी त्यांनी शाळांची किंमत लावायला सुरुवात केली. एका गावात आठवडी बाजार भरायचा, म्हणजे बघ्यांची गर्दी आयती. ती शाळा पाहिजेच! दुसरं गाव एस.टी.च्या रस्त्यावर. उत्तम! तिसऱ्या गावच्या सरपंचाकडे ट्रॅक्टर, म्हणजे मैदान सपाट होणार. चौथी शाळा तर तिसरी आली म्हणूनच आली. तिला तिसरीला हरवायचं होतं, बाकी फुटबॉलशी तिचं काही देणंघेणं नव्हतं.

पण प्रत्येकानं एकच विचारलं, "मास्तर, जिंकलं तं भेटते काय?"

आता खरं सांगायचं तर चिचखेडी सर्कलचा कप अॅल्युमिनियमचा होता. त्याचा एक कान तुटला होता आणि वर्षभर त्यात खडू ठेवत. पण तोंडाला कुलूप लावतील ते मधुकरराव कसले! "कप? कप तं लेकरं चाय प्याले घेतात!" ते बोलून गेले. "आमच्या सर्कलमंधी भंडाऱ्याच्या पितळेचा गुंड हाय! खानदानी! उचलाले दोन माणसं लागतात!"

गुंड म्हणजे आमच्याकडे पाणी भरायचं मोठं पितळी भांडं. तसा गुंड होता खरा. फक्त तो सर्कलचा नव्हता. ललिताबाईंचा होता!

ललिताबाई म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवती. लग्नात माहेरच्यांनी आंदण दिलेला तो गुंड. त्याच्या गळ्याशी कोरलेलं, 'चि. ललिता हिस बोडीटोला माहेरची भेट'. रोज चिंच आणि राख लावून त्या तो असा घासायच्या की मास्तर त्यात बघून दाढी करायचे.

संध्याकाळी मास्तर चुलीपाशी जाऊन बसले. स्वतःहून भाजी निवडायला घेतली. ललिताबाईंनी ओळखलं.

"काय पायजे?"

"काई नाही वो. तुह्या गुंडाची जरा इज्जत वाढवाव म्हन्तो."

सगळं ऐकून घेतल्यावर ललिताबाई म्हणाल्या, "देईन. पन माह्या माहेरची शाळा घ्या सर्कलमंधी."

"बोडीटोला? अवो, तेथी बस जात नाही, बाजार भरत नाही, मैदान नाही! अर्धे पोट्टे ढिवराइचे, दिवसभर तळ्यात मासे धरतात. त्या शाळेची किंमत शून्य हाय, शून्य!"

"मंग गुंडाले हात नका लावू."

अशी आठवी शाळा आली. "जाते कोठी गुंड?" मास्तरांनी बायकोला समजावलं. "दरसाल आपनच जिंकतो. मैदानात मिरवून आनतो आन् सांजीले तुह्या पानघरात, पान्याच्या जागेवर!"

पूस, म्हणजे पौष महिन्यात सामने ठरले. आधल्या संध्याकाळी मास्तरांनी मैदान पाहिलं. ट्रॅक्टर फिरून जमीन सपाट झाली होती, पण धूळ ही एवढी! पाहुण्यांच्या पांढऱ्या धोतरांचं काय होणार? त्यांनी भैयालालला बोलावलं. तळ्याच्या पाटावर पाण्याची पाळी बघायचा तो.

"भैयालाल, जरासं पानी सोड बांधीत. धूळ बसली पायजे, बस. मंग बंद कर."

"हो जी!" भैयालाल म्हणाला. त्यानं पाणी सोडलं. आणि शेजारच्या गावी नाटक होतं, तिकडे निघून गेला. नाटक झाडीपट्टीतलं, म्हणजे उजाडल्याशिवाय संपतं थोडंच! इकडे पाणी रात्रभर येत राहिलं.

सकाळी मैदानात धूळ नव्हती. मैदानही नव्हतं! धानाची रोवणी करावी असा चिखल झाला होता. एक बगळा तर गोलात उभा राहून मासा शोधत होता!

"आता?" भैय्याजींनी विचारलं.

बाजारातून माणसं लोटली होती, एस.टी.नं पाहुणे उतरले होते, आठही शाळांची पोरं हजर होती. सामने पुढे ढकलले, तर केवळराम गुरुजी सगळ्या शाळा पोह्यांसकट उचलून नेतील! मधुकररावांनी शिट्टी फुंकली.

पुढचं काय सांगावं! बाजारवाल्या गावची पोरं नवीन बूट घालून आली होती. पहिल्या पाच मिनिटांत बूट चिखलात आणि पोरं बाहेर. ट्रॅक्टरवाली शाळा आणि तिची वैरीण समोरासमोर आल्या, तर चेंडू बाजूला राहिला आणि चिखलफेकच सुरू झाली. आणि बोडीटोल्याची पोरं? ती अनवाणी, चड्ड्या वर खोचून, चिखलावरून बदकासारखी सळसळत गेली! जन्म गेला तळ्याच्या गाळात; त्यांना हे म्हणजे घरचं अंगण. शेवटच्या सामन्यात त्यांनी चिचखेडीवर इतके गोल केले की पंच म्हणून उभे असलेले मधुकरराव शिट्टीत शिरलेला चिखल काढतायत, तोवर पुढचा गोल!

शून्य किमतीची शाळा जिंकली. मास्तरांनी गुंड बोडीटोल्याच्या स्वाधीन केला. घरी जायला त्यांना ब्रह्मांड आठवलं. पण ललिताबाई फक्त म्हणाल्या, "माह्या माहेरचे जिंकले ना? मंग बेस झालं." आणि कोपऱ्यातलं मातीचं मडकं काढून पाणी भरायला लागल्या. त्या रागावल्या असत्या, तर परवडलं असतं. त्या रात्री मास्तरांना जेवण गेलं नाही.

इथपर्यंत नुसती हार होती. खरा घोळ तर पुढेच!

बोडीटोल्याच्या शाळेत अलमारी नव्हती. पोरांनी गुंडावरचं नाव वाचलं, ललिताबाईंचे भाऊ तुलाराम यांच्या ओसरीत तो नेऊन ठेवला आणि जल्लोष करायला सगळी निघाली दूरच्या गावी, रात्रीच्या मुक्कामानं, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती बघायला. घरची माणसं खळ्यावर होती. दिवेलागणीला म्हातारी सखाबाई, ललिताबाईंची आत्या, घरी आली आणि बघते तर काय! ओसरीत ललिताचा गुंड! सोबत ना माणूस, ना निरोप!

आता आमच्याकडची रीत तुम्हाला सांगायला हवी. लेकीला दिलेलं आंदण कधी माहेरी परत येत नाही. येतं ते एकदाच, नवऱ्यानं बायकोला टाकली की. आधी भांडी येतात, मागून लेक.

सखाबाईनं असा टाहो फोडला की तळ्यावरची पाखरं उडाली!

सकाळी मधुकरराव अंगणात दात घासत होते, तर तीन बैलगाड्या दारात. तुलाराम, सखाबाई, सगळं बोडीटोला! मास्तरांना वाटलं, विजयाची मिरवणूक आली. हार मोठ्या मनानं पचवावी, असं पोरांना शिकवणारा माणूस तो! चूळ भरून हसत हसत पुढे झाले.

"या, या! आनंद झाला ना?"

तुलारामांचा चेहरा काळाठिक्कर. "आमचं काय चुकलं, जवाई?"

"तुमचं कायले चुकन? मोकळ्या मनानं दिलं मी. पाच वर्सं आमी सांभाळलं, आता तुमी सांभाळा!"

"माय वं!" सखाबाई गाडीतच कोसळली.

"आता यात रडाचं काय, आत्या? नियमच हाय तसा. पुढच्या साली जमलं तं घेऊन येईन वापस."

"आन् नाही जमलं तं?" तुलारामांनी दातओठ खात विचारलं.

"तं दुसरा कोनी घेऊन जाईन!"

तुलारामांनी बैल हाकायची काठी उचलली! मास्तर आधी पळाले. कुठं ते बघायचं राहिलं. तुळशीवृंदावनाभोवती फिरून पुन्हा तुलारामांच्याच पुढ्यात आले. काठी वर, मास्तर खाली तुळशीच्या ओल्या मातीत बसलेले. आणि तेवढ्यात डोक्यावर मडकं घेऊन ललिताबाई विहिरीवरून आल्या.

"भाऊ! हे काय करून राहिला तू?"

"तुले टाकलं ना वं याईनं!" सखाबाई रडत म्हणाली. "गुंड आला वापस!"

ललिताबाईंनी मडकं उतरवलं, पदर सावरला आणि सगळा उलगडा केला. फुटबॉल, चिखल, जिंकणं, सगळं! तुलारामांनी काठी हळूच पाठीमागे लपवली.

ललिताबाईंनी एकेका गाडीकडे पाहिलं. चुरणं, म्हणजे धानाची मळणी, तसंच टाकून, धान खळ्यावर उघडं ठेवून सारं गाव आलं होतं. "माह्यासाठी आले तुमी एवढे सारे?" त्या म्हणाल्या आणि इतका वेळ धडधडीत बोलणाऱ्या त्या बाईचे डोळे भरून आले. मास्तरांनाही गलबलून आलं. बस नाही, बाजार नाही, आणि ज्या गावाची त्यांनी शून्य किंमत केली, ते गाव एका गुंडापायी तीन गाड्या जुंपून धावत आलं होतं! त्यांची मान खाली गेली.

"चुकलो मी," ते म्हणाले. "तुमच्या पोरीचं आंदण पैजेवर लावाले नाही पायजे होतं."

"थे तं हायच," ललिताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "पन आधी उठा. चिखलात बसले तुमी."

गुंड त्याच आठवड्यात परत आला. आंदणाची वस्तू माहेरी ठेवायची नाही, म्हणून बोडीटोल्यानं तो परत केला. पण जिंकलेला मान का सोडावा, म्हणून आधी भंडाऱ्याला नेऊन कासाराकडून जुन्या नावाखाली कोरून घेतलं, 'फुटबॉल विजेते, बोडीटोला'.

सर्कलही टिकलं. आठही शाळा राहिल्या, आणखी दोन आल्या. फुटबॉल काही अलमारीत गेला नाही. फक्त सगळ्यांनी मिळून ठरवलं की असा सामना बापजन्मात पाहिला नाही, तेव्हा यापुढे सामने बोडीटोल्याच्या तळ्यातच, चिखलात! आणि सर्कलचं नावही बोडीटोला सर्कल. मधुकररावांकडे चेंडूत हवा भरायचं काम तेवढं राहिलं.

गुंड मात्र ललिताबाईंनी पानघरातून काढून थेट ओसरीत, दारासमोर मांडला. आलेला पाहुणा पाणी पितो, अक्षरं वाचतो आणि हमखास विचारतो, "अरे वा! बोडीटोला जिंकलं! मंग हरलं कोन, मास्तर?"

मास्तर घसा खाकरतात, आढ्याकडे बघतात.

आतून ललिताबाईंचा आवाज येतो, "ज्याच्या घरी गुंड हाय, थो!"