अप्पांचा डावा हात

मन्मथअप्पांना पहिल्यांदा भेटणाऱ्या माणसाची फजिती ठरलेली. तो बिचारा नमस्काराला दोन्ही हात जोडतो. अप्पा त्यातला डावा तेवढा सोडवून घेतात आणि आपल्या डाव्या हातात धरतात. नुसता धरत नाहीत, चाचपतात. बोटं, तळवा, अंगठ्याचं मूळ, सगळं तपासून झालं की "तयार!" असं ओरडून सोडून देतात. समोरचा दचकतो.

आता आमचं कळंब म्हणजे काही लंडन नव्हे. इथं पोरानं प्रसादाला चुकून डावा हात पुढं केला तर आई आधी फटका देते, मग प्रसाद. पण अप्पा पडले स्काऊटमास्तर. 'तयार' हे स्काऊटचं ब्रीद, आणि स्काऊट डाव्या हातानंच हात मिळवतो. "जगभर!" असं अप्पा म्हणतात. "आपल्या सोयीनं बदलत न्हाय ते."

सख्ख्या पुतणीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्यामुलाच्या वडिलांपुढं असाच डावा हात केला. पाहुणे उदगीरकडचे, तालेवार. म्हणाले, "ही कंची रीत म्हणायची?"

अप्पांनी विचारलं, "पाव्हणं, सकाळी पूजा केली का?"

"केली की."

"इष्टलिंग कुठल्या हातावर घेतलं?"

लिंगायताच्या घरी इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊनच पूजा होते, हे पाहुण्यांना काय सांगायला हवं? ते आपल्याच तळहाताकडं बघत बसले. "ज्या हातावर रोज देव बसतो त्योच तुमाला देतोय म्या," अप्पा म्हणाले. "उजव्याचं काय, त्या हातानं माणूस खोट्या सह्याबी करतो." लग्न लागलं. जावई अजून येता-जाता डावा हात पुढं करतो.

अप्पा शिक्षक नाहीत, हे आधीच सांगायला हवं होतं. बाजार समितीच्या रस्त्याला त्यांचं बारदान्याचं दुकान आहे. पोती, सुतळी, कासरे, दावी, विहिरीवरचा जाड दोर म्हणजे सोल. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला. पंचवीसेक वर्षांपूर्वी ते आमच्या शाळेत दोराचं बंडल पोचवायला आले. तेव्हाचे मास्तर मैदानावर मुलांना गाठ शिकवत होते आणि ती चुकत होती. अप्पांनी पाच मिनिटं सोसलं. मग पुढं होऊन मास्तरांच्या हातातला दोर काढून घेतला. तो काही त्यांनी परत दिला नाही. रीतसर प्रशिक्षण केलं, गणवेश शिवला आणि एक पैसा न घेता दर शनिवारी येत राहिले. "गाठ कशी पाह्यजे?" असं ते ओरडायचे, आणि पोरं तालात उत्तर द्यायची, "बसली पाह्यजे, सुटली पाह्यजे!"

मी या शाळेत गणित शिकवते. शनिवारची सकाळची शाळा सुटली की घरी जायचं, जेवायचं आणि झोपायचं, एवढंच माझं स्काऊटबद्दलचं मत होतं. पण हेडमास्तरांनी मला अप्पांची सहाय्यक नेमलं. "मॅडम, तुम्ही नुसतं उभं राहायचं," म्हणाले. उन्हात नुसतं उभं राहायला सांगणाऱ्या माणसाचं मी काय करायला हवं होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

उभी राहून राहून मी अप्पांच्या तऱ्हा बघत गेले. एक तर ते हजेरी वाचायचे नाहीत. पथकातली आठही पोरं रांगेत उभी राहायची आणि अप्पा एकेकाचा डावा हात धरून नाव घ्यायचे. "समाधान. नखं वाढली. इरफान. बापाच्या गॅरेजात बसला व्हतास, ऑइल लागलंय. ओंकार. ताप हाय तुला, घरी जा." ओंकारला खरंच ताप होता. गाठी शिकवायच्या तर पोरांच्या डोळ्यांवर स्कार्फ बांधून. "डोळ्यानं कोणीबी मारंल. अंधारात, पावसात, घाबरलेला असताना जमली तर ती गाठ."

एकदा त्यांनी "सावधान!" दिलं आणि पोरांना सोडून कोपऱ्यातल्या मल्लखांबाजवळ गेले. खांबावर कुणीतरी ओलं पोतं वाळत घातलं होतं. अप्पा त्याला म्हणाले, "खांदे वर कर. वर! कळंना व्हय?" पोरं खाली बघायला लागली. अप्पांनी हात लावला, क्षणभर थांबले, आणि गर्रकन वळून ओरडले, "बघा लेकाहो! म्या येवढा बोललो, हाललं का त्ये? असं उभं ऱ्हायचं असतं!" मी तोंडाला पदर लावून हसले. गमत्या माणूस म्हणून घरीही सांगितलं.

आणि पायी भ्रमंती! स्काऊट म्हटलं की रानावनातून भटकणं आलंच. आमचे अप्पा पोरांना पाठीवर पिशव्या बांधून शाळेच्याच मैदानाला चाळीस फेऱ्या मारायला लावत. पंधराव्या फेरीला "नदी आली!", पंचविसाव्या फेरीला "डोंगर!" गावाबाहेर का नेत नाही विचारलं तर म्हणाले, "बाई, पाय तेच. जमीन कुठली का असंना."

यंदा मात्र हेडमास्तरांनी अट घातली. पोरं शिकवणीला पळतात, पथकात उरली आठ, आणि स्काऊटच्या खोलीत त्यांना संगणक मांडायचे होते. तेरखेड्याजवळच्या शिबिरात आठही जण तृतीय सोपान, म्हणजे स्काऊटच्या तिसऱ्या पायरीच्या परीक्षेत पास झाले तर पथक राहील. एक जरी नापास झाला तरी बंद.

अप्पांनी ऐकून घेतलं, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "आठच्या आठ. लिहून घ्या." त्या दिवसापासून शनिवारबरोबर मंगळवार, गुरुवार आणि रविवारही आला. रविवार, अहो! माझ्या नवऱ्यानं विचारलं, "तुझं त्या शाळेशी लग्न लागलंय का?" मी म्हटलं, "शाळेशी नाही. दोराशी."

शिबिराच्या दोन दिवस आधी परवानगीचा अर्ज घेऊन मी भर दुपारी दुकानात गेले. फळीवर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर मी अर्ज ठेवला. "अप्पा, खाली फुली केलीय तिथं सही करा." अप्पांनी पेन घेतलं, कागदावरून तळहात फिरवला आणि झोकात सही केली. वर्तमानपत्रावर. अर्जापासून चांगली वीतभर लांब.

त्यांनी अर्ज उचलून फुंकर मारली आणि माझ्या दिशेनं धरला. जरा बाजूला.

ते पोतं, त्या चाळीस फेऱ्या, ती हातावरची हजेरी, सगळं एकदम माझ्या डोक्यात उलगडलं आणि मला इतका राग आला की मी अर्ज त्यांच्या हातातून हिसकावलाच. "किती दिवसांपासून दिसत नाही तुम्हाला?"

अप्पा स्टुलावर बसले. पोत्यांच्या थप्पीला टेकले. "दोन वर्षं. काचबिंदू. बार्शीचे डॉक्टर म्हणले गेलेली नजर माघारी येत न्हाय. समोर मूठभर उजेड हाय अजून. दुकान हाताला पाठ हाय, मैदान पायाला."

"आणि पोरांना घेऊन शिबिराला निघालात? कुणाला काही झालं तर?"

"म्हून तर दोन वर्षं गावाबाहेर न्हेलं न्हाय," अप्पा म्हणाले. "एकालाबी धोक्यात घातलं न्हाय, बाई. द्येवाशपथ."

हे मात्र खरं होतं. तरी मी म्हटलं, "सांगायचं होतंत मला. हे काय लपवायचं असतं?"

अप्पांनी हातातल्या सुतळीला पीळ दिला. "सांगितलं की पोरगा येऊन पुण्याला न्हेणार. चांगला हाय त्यो. पाचव्या मजल्यावर खुर्ची देईल, येळंवर जेवण देईल. पण तिथं म्या कुणाचा हात धरू? इथं शनिवारी आठ पोरं हातात हात देतेत. आठवडा जातो माझा त्याच्यावर." मग ताठ झाले. "येवढं शिबिर होऊ द्या. पथक वाचलं की शिट्टी तुमच्या हातात. शब्द देतो."

अर्ज पुढं सरकवून, त्यांचं बोट फुलीवर टेकवून मी सही घेतली. पोरांचा सगळा भार मी घ्यायचा आणि अप्पांनी तंबूजवळ बसून राहायचं, असं वचनही घेतलं. घरी येऊन रडले. रागानं की कशानं, अजून माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी संघनायक समाधानला बाजूला घेतलं आणि कसं सांगावं या विचारात घुटमळले. तोच म्हणाला, "बाई, अप्पाच्या डोळ्याचं का? आमाला लई दिवस झालं म्हायताय. आमी पाळी लावलीय. रोज एकजण लांबून मागं चालतो, दुकान ते घर. स्काऊटच्या रोजच्या सत्कृत्याच्या वहीत लिहीत न्हाय फक्त." मग काळजीनं म्हणाला, "तुमी अप्पाला सांगू नका हां, आमाला कळलंय म्हून. त्यास्नी वाईट वाटंल."

मी गणिताची बाई. दोन वर्षं त्या मैदानावर उभी होते आणि बारा-तेरा वर्षांच्या पोरांना जे कळलं ते मला कळलं नव्हतं.

शिबिरात आमची पोरं जिवावर उदार होऊन राबली. गाठी, प्रथमोपचार, तंबू, स्वयंपाक. समाधाननं भात लावला, परीक्षकांनी तो खाल्ला आणि दोनदा पाणी मागितलं, तरी पास केलं. अप्पा शब्दाप्रमाणे तंबूपुढं बसून होते. शेवटच्या सकाळी सहा जण पास झाले होते आणि इरफान, ओंकार यांची ध्वजाची परीक्षा तेवढी बाकी होती. दोघांनी ध्वजाची घडी घालून तो दोरीला बांधला. खालून ओढला की वर जाऊन फडकन उघडला पाहिजे.

तेवढ्यात परीक्षकांनी कर्ण्यावरून जाहीर केलं, "ध्वज उभारतील शिबिरातले सर्वात ज्येष्ठ स्काऊटमास्तर, मन्मथअप्पा!"

अप्पांचा तंबू आणि ध्वजाचा खांब यांच्यात चाळीस-पन्नास पावलं, आणि मधे सगळीकडं तंबूंचे ताणलेले दोर. अप्पा उठले. टोपी घातली. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. मी पुढं झाले तर समाधाननं मानेनं मला थांबवलं. आमची आठ पोरं तंबूपासून खांबापर्यंत वाट सोडून अंतराअंतरानं उभी राहिली होती. कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. समाधान ओरडला, "एक!" पुढचा ओरडला, "दोन!" अप्पा आवाजाच्या रोखानं निघाले. छाती पुढं, पाऊल खणखणीत.

"तीन!" झालं आणि पलीकडच्या माळावर फटाक्यांची लड सुटली. तेरखेड्यात फटाके बनतात, आणि बनलेला माल वाजतो का ते कधीतरी बघावं लागतंच. त्यांना काय माहीत आमच्या इथं काय चाललंय! तड तड तड तड, संपता संपेना. "चार" म्हणून ओंकार बेंबीच्या देठापासून ओरडत होता आणि त्याचं नुसतं तोंड हलत होतं. अप्पा थांबले. एक पाऊल उचललेलं, त्याच्यापुढं वीतभरावर दोर.

ओंकार एक पाऊल पुढं आला आणि त्यानं आपला डावा हात अप्पांच्या डाव्या हातात दिला.

अप्पांनी तो चाचपला. ओठ हलले. फटाक्यांत मला ऐकू आलं नाही, पण ते "ओंकार" म्हणाले हे मला दिसलं. ओंकारनं त्यांना हलकेच दोर टाळून पुढं घेतलं आणि हात पुढच्याच्या हातात दिला. मग त्यानं पुढच्याच्या. हातोहात अप्पा खांबापाशी पोचले. शेवटचा हात इरफानचा होता, त्यानं अप्पांचा हात ध्वजाच्या दोरीवर नेऊन ठेवला. दोर हातात आल्यावर अप्पांना कुणाची गरज नव्हती. त्यांनी ओढला, गाठ सुटली, ध्वज उघडला. फटाकेही थांबले. अप्पांनी मान वर करून कडक सलाम ठोकला.

परीक्षक माझ्याजवळ येऊन म्हणाले, "जाताना मुलांशी हात मिळवायचा! फार सुंदर पद्धत आहे तुमच्या पथकाची." मी म्हटलं, "हो. जुनी आहे." आठच्या आठ पास झाले.

परतताना अप्पा गाडीत माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "पोरास्नी म्हायताय तर."

"केव्हापासूनच."

अप्पा हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले. पुसले नाहीत. कळंब आल्यावर त्यांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली. "गाठ बसली, बाई. आता माझी सुटली पाह्यजे." हेडमास्तरांना आणि मुलाला त्यांनी स्वतःच सांगितलं. मुलगा आला, चार दिवस राहिला, एक शनिवार मैदानावर बसला आणि वडिलांना न घेता परत गेला. आता आज्ञा मी देते. अप्पा स्टुलावर बसून गाठी शिकवतात आणि मी चुकले की तिथूनच ओरडतात.

दिवाळीत मी माहेरी गेले होते. पंधरा दिवसांनी आले ती थेट दुकानात. बाजार बंद, पोरं आपापल्या मामाच्या गावाला, आणि अप्पा उघड्या दुकानात एकटे सुतळीची गुंडी करत बसलेले. मी आवाज न करता फळीवरून डावा हात पुढं केला. अप्पांनी तो घेतला. बोटं, तळवा, अंगठ्याचं मूळ.

"खडूचा हात," म्हणाले. "बाई."

मी "तयार!" म्हणायची वाट बघत राहिले. ते म्हणाले नाहीत आणि हातही सोडला नाही.

"घडीभर ऱ्हाऊ द्या," अप्पा म्हणाले. "पंधरा दिवस झालं, कुणी आलं न्हाय."